झिंक ऑक्साइडच्या पोत्यात सत्तर टक्के खडू

रबाळे, महापे, तुर्भे भागातल्या रबर मोल्डिंगवाल्यांनो, नव्या व्यापाऱ्याकडून रबर पक्कं करायला लागणारं झिंक ऑक्साइड घेत असाल तर आधी हे वाचा. आमची 25 किलोची 24 पोती, दर किलोला 235 रुपये. 1,41,000 अधिक 18 टक्के जीएसटी 25,380, एकूण 1,66,380. एनईएफटी झाली आणि त्याचा फोन बंद.

दर काही इतका पडेल नव्हता की संशय यावा. दोन किलोचं सॅम्पल अस्सल होतं, त्याची बॅचही चांगली निघाली.

माल आला तेव्हा चमच्यात भुकटी तापवली. झिंक ऑक्साइड तापलं की पिवळं होतं, गार झालं की परत पांढरं. झालंही पिवळं, पण फिकट. सॅम्पल चांगलं लिंबासारखं झालं होतं. तिथेच हात आखडायला हवा होता! पोत्याच्या तोंडाशी नव्या दोऱ्याशेजारी जुन्या सुईची भोकंही दिसत होती. टेम्पोवाला घाई करत होता, काट्यावर वजन बरोबर भरलं आणि पैसे सोडले. तापवून बघण्यावर विसंबू नका, भेसळीतही पिवळेपणा येतोच. चिमूटभर भुकटीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. जोरात फसफसलं तर खडू.

लॅबमध्ये 1000 अंशांवर वजन 30.8 टक्के घटलं. निव्वळ खडू 44 टक्के घटतो, म्हणजे सत्तर टक्के खडूच. नायट्राइल रबराच्या 100 भागांना 5 भाग झिंक ऑक्साइड धरलेलं, पडलं दीड. मग रबर पक्कं करणारं गंधक आणि त्याचा वेग वाढवणारं एमबीटीएस पुरते लागू होत नाहीत, रबर किती पक्कं झालं ते मोजणाऱ्या रिओमीटरवर टॉर्क (पिळाचा जोर) चढत नाही, दाबलेलं गॅस्केट चपटं ते चपटंच राहतं. 3,200 नग परत आले, 22 रुपयांनी 70,400 बुडाले.

पोलीस म्हणतात, हा दिवाणी वाद, कोर्टात जा. लॅबचा रिपोर्ट पुढे ठेवला तर तो वाचायलाही कोणी तयार नाही. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. विक्रेत्याने रिटर्न भरलं नाही, बिल टू-बीमध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या आमच्या खरेदीच्या यादीत) आलं नाही, म्हणून भरलेल्या 25,380 कराचं क्रेडिटही अडकलं. जीएसटीच्या कार्यालयात तीन फेऱ्या, दर वेळी नवं टेबल, नवा अर्ज. बिलं फाडून कर न भरणाऱ्याची नोंदणी चालू राहते आणि प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्याने खेटे घालायचे, हा कुठला न्याय?

तक्रार लेखीच द्या, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लिहून, आणि पोच घ्या. गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) खाली वरिष्ठांना टपालाने पाठवा. पोती उतरवतानाच दोन-तीन पोत्यांतला नमुना टेम्पोवाल्याच्या सहीने सीलबंद करून ठेवा. आमच्याकडे तो नव्हता, आणि आता प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच येतो.