गिअरबॉक्स उघडायची घाई नसलेलं गॅरेज

सेकंडहँड घेतलेली माझी जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही हायवेला सत्तर-ऐंशीच्या वेगात थरथरायची, रंबलर पट्ट्यांवरून चालल्यासारखी. आधीच्या एका ठिकाणी न तपासताच ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून मोकळे झाले.

भोसरीतल्या या मिस्त्रींनी स्कॅनर लावला. पी०७०० आला. तो कोड गिअरबॉक्सच्या कंप्युटरमध्ये काहीतरी नोंदलंय, एवढंच सांगतो. त्यांनी आत जाऊन पी०७४१ काढला, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक-अपची (वेगात दोघांना थेट जोडणारा क्लच) तक्रार. मग मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसून म्हणाले, “साहेब, थरथरली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवा, डाव्या पायाने ब्रेक जेमतेम टेकवा.” ब्रेक टेकला की लॉक-अप सुटतं. थरथर तिथेच थांबली!

गिअरबॉक्सचं ऑइल तपकिरी झालेलं, पण जळका वास नाही. खालचं ऑइलचं चेंबर उतरवल्यावर त्यातल्या चुंबकावर बारीक राखाडी साका मिळाला, म्हणजे नेहमीची झीज. धातूचे कपचे असते तर खर्च वेगळा होता. ऑइल आणि फिल्टर बदलले, लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान बघून भरली. थरथर सध्या गेली आहे. परत आली तर कन्व्हर्टर काढावा लागेल, हे त्यांनी आधीच सांगितलंय.

बसायला जागा नाही, फोन क्वचितच उचलतात. सकाळी लवकर जा, इंजिन गार असताना गाडी दाखवता येते.