सेझमधला गाळा की एमआयडीसीतला?

निर्यातीचं काम हाती आलं की हा प्रश्न पडतोच. मी आधी चार वर्षं सेझमध्ये (निर्यातीसाठीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात) काढली, आता एमआयडीसीत आहे. त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असेल, सांभाळून घ्या.

आयकराच्या सवलतीसाठी जाणार असाल, तर ती गंमत संपली. २००५च्या कायद्याबरोबर आलेली सूट (पहिली पाच वर्षं पूर्ण, पुढची पाच निम्मी) नव्या युनिटना २०२०च्या मुदतीनंतर बंद झाली. उरली ड्युटीमाफी. पण बाहेर बसूनही ईपीसीजीवर, म्हणजे निर्यातदारांसाठीच्या यंत्र-आयात योजनेवर, यंत्रं बिनड्युटी येतात. वाचलेल्या ड्युटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत दाखवावी लागते, एवढंच. सेझमध्ये पाच वर्षांत निव्वळ परकीय चलन जमेत दिसलं, म्हणजे निर्यातीची कमाई आयातीच्या खर्चाहून जास्त भरली, की झालं. इथे सेझ उजवा, हे मान्य.

मला नडलं ते फाटक. व्यापारापुरता सेझ म्हणजे कस्टम्सच्या हद्दीबाहेरचा मुलूख. माझ्या डाय (प्रेसमधले साचे) ग्राइंडिंगला जायच्या त्या सेझच्या भिंतीपलीकडे दहा मिनिटांवर. तरी परवानगी, फाटकावर नोंद, परत येताना नंबर जुळवणं. एकदा डायवर कोरलेला नंबर ग्राइंडिंगमध्येच घासला गेला. टेम्पो दुपारभर बाहेर, आत प्रेस थंड आणि पोरं चहा पीत बसलेली. उरलेला माल देशात विकायचा, तर पूर्ण किमतीवर आयातीसारखी ड्युटी. म्हणजे इथल्या मजुरीवरसुद्धा! एमआयडीसीत डिलिव्हरी चलान फाडलं की टेम्पो सुटतो.

सेझमुळे देशाचा विकास किती, हा वाद जुना आहे. कांडल्याचा निर्यात विभाग, सेझचाच पूर्वज, तर १९६५चा. सेझसाठीच्या जमिनीवरून २००८ साली पेणमधल्या २२ गावांत मतदान घ्यावं लागलं. पण जमिनी एमआयडीसीनंही शेतकऱ्यांच्याच घेतल्या, तेव्हा त्यावरून मी कुणाला झुकतं माप देणार नाही. मला खटकतं ते इतकंच, की ग्राइंडिंगवाला, प्लेटिंगवाला, टेम्पोवाला यांच्यापर्यंत काम पोचायला भिंत आड येते. शेवटी तो ग्राइंडिंगवाला म्हणाला, ‘साहेब, तुमचं काम नको, कागद फार.’

सॉफ्टवेअरवाल्यांना किंवा सगळं काम आतच उरकून कंटेनर थेट बंदरावर धाडणाऱ्यांना सेझ सोयीचा पडेलही. मात्र सेझ सोडून निघताना जुन्या यंत्रांवर घसारा वजा करून ड्युटी भरावी लागते. मी भरली.