वारा मोजायचा म्हणून सही घेतली आणि तीस वर्षांचा करार निघाला

आमच्या गावाने पवनचक्क्यांना विरोध केला, तर बाहेरच्यांनी आम्हाला विकासाचे शत्रू ठरवलं. वाऱ्यावरच्या विजेबद्दल आमची काहीच तक्रार नव्हती. सह्या ज्या पद्धतीने घेतल्या गेल्या, त्यावर राग होता. हाच प्रकार इतर गावांतही होऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

प्रकल्प ठरण्याआधी वर्षभर तरी त्या जागेचा वारा मोजावा लागतो. हे खरं आहे, म्हणूनच थाप पचली. कंपनीचा मध्यस्थ म्हणाला, "मोजणीचा खांब उभारायला परवानगी द्या, काम झालं की काढून नेऊ." वाचून दाखवलं तेही तेवढंच. सही मात्र जाडजूड गठ्ठ्यावर घेतली आणि प्रत "नोंदणीनंतर देतो" म्हणून सगळं घेऊन गेला. पुढे प्रत हाती आली, तेव्हा आतल्या पानांवर तीस वर्षांचा भाडेकरार निघाला. कंपनीला वाटेल तेव्हा तो सुरू करता येणार, आम्हाला मात्र मोडता येणार नाही. तोवर विहीर खणायची तरी त्यांची परवानगी. रस्ता, केबल, उच्चदाबाची लाइन शेतातून कुठूनही न्यायचा हक्क त्यांना. शिवाय आम्हाला न विचारता करार दुसऱ्याला विकायची मुभा. तो विकलाही गेला. आता नवी कंपनी म्हणते, तोंडी आश्वासनं ज्याने दिली त्यालाच विचारा.

सगळ्यात घातक होतं ते गुप्ततेचं कलम. भाडं किती, अटी काय, हे कुणाला सांगितलं तर दंड. घरोघरी एकच वाक्य ऐकवलं: "बाकी सगळ्यांनी सही केली, तुम्हीच राहिलात." भावाला एक भाडं, भावाला दुसरं. बांधाला बांध लागून असलेली घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली. शेवटी गावातल्या एका आजींनी आपला कागद सगळ्यांसमोर ठेवला, मग एकेक कागद बाहेर आला. तेव्हा कळलं, की सर्वांत आधी सही करणाऱ्यालाही तेच वाक्य सांगितलं होतं! आणि याच सह्यांची यादी जनसुनावणीत 'गावाची संमती' म्हणून मांडली गेली. याचा मला आजही संताप येतो.

आवाजाबद्दल विचारलं तर "घरातल्या फ्रिजइतका" असं उत्तर. किती अंतरावरून, वारा कुठल्या दिशेचा असताना, रात्री की दिवसा, यातलं काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशीत पवनचक्क्यांचा आवाज दिवस-रात्रीच्या सरासरीने 45 डेसिबलच्या आत ठेवा म्हटलंय. तुमच्या घराच्या भिंतीपाशी किती डेसिबल येणार, ते लेखी मागा. सूर्य खाली असताना फिरत्या पात्यांची सावली खिडकीवर किती वेळ लपलपणार, त्याचाही हिशेब आधी काढता येतो.

लोकांना सोबत घेतलं की काय होतं, त्याचं उदाहरण डेन्मार्कमध्ये आहे. सॅम्सो बेटावरच्या जमिनीवरील 11 पवनचक्क्यांची मालकी तिथल्याच शेतकऱ्यांकडे आणि सहकारी गटांकडे गेली. 2009 पासून काही वर्षं त्या देशात कायदाच होता, की नव्या प्रकल्पाचा किमान 20 टक्के हिस्सा आधी 4.5 किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना विकायला काढायचा. आमच्याकडे हिस्सा राहू द्या, नकाशासुद्धा दाखवला नाही.

कुणी असे कागद घेऊन दारात आलं, तर सही न केलेली प्रत आधी घरी ठेवून घ्या आणि कंपनीशी संबंध नसलेल्या वकिलाकडून वाचून घ्या. गुप्ततेचं कलम दिसलं तर बोलणं तिथेच थांबवा आणि शेजाऱ्यांना गोळा करा. प्रकल्प संपल्यावरचं कलम तर दोनदा वाचा. आमच्या करारात 'यंत्रणा हटवली जाईल' एवढंच आहे. एकेका पवनचक्कीच्या पायात शेकडो घनमीटर काँक्रीट असतं, आणि बऱ्याचदा वरचा मीटरभर थर फोडून बाकीचं जमिनीतच सोडतात. ते किती खोलवर काढणार, खर्च कुणाचा, आणि तोवर कंपनी बुडाली तर पैसे कुठून येणार, हे लिहून घ्या. त्या खर्चाची बँक हमी पहिल्या वर्षापासूनच मागा.