घराचा विमा: बँकेने जोडून दिलेला की आपण घेतलेला?

गृहकर्जाच्या सह्या करताना त्या गठ्ठ्यात एक कागद विम्याचा असतो. २०१७ मध्ये मीही त्यावर न वाचता सही केली. पुढे दुसरा विमा स्वतः घेतला, त्यामुळे दोन्हींचा थोडाफार अनुभव आहे.

आधी एवढं बघा, की तो कागद घराच्याच विम्याचा आहे ना. पुष्कळदा तो कर्जदाराच्या जिवाचा असतो. आपल्यामागे कर्ज फिटतं, पण भिंत पडली तर त्यातून रुपयाही मिळत नाही. माझ्या चुलतभावाला हे सहा वर्षांनी कळलं.

माझा विमा घराचाच होता. बँकेकडच्या विम्याची सोय मान्य करायला हवी. विम्याचा हप्ता एकदाच, तोही कर्जात मिळवलेला, मुदत लांब, नूतनीकरण विसरायची भीती नाही. त्या हप्त्यावर व्याज चढतं, पण तेवढ्यासाठी मी तो नाकारला नसता.

मन उडालं ते कागदापायी. ऑगस्ट २०१९ मध्ये नाशिकला गोदावरीला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, आणि इकडे आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये नाल्याचं पाणी गुडघाभर शिरलं. फ्रिज, दिवाण, मुलीच्या पुस्तकांचं कपाट, सगळं गेलं. दावा करायचा तर पॉलिसी हवी, आणि ती माझ्याकडे नव्हतीच. शाखेत म्हणाले, फाइल कर्ज विभागात आहे. तिथे म्हणाले, विमा कंपनीला मेल करा. कंपनीला पॉलिसी नंबर हवा होता, आणि तो छापलेला पॉलिसीवरच. नुकसान पाहायला कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत काही फेकायचं नाही म्हणून ओला दिवाण घरातच कुजत होता. नवव्या दिवशी प्रत मिळाली तेव्हा समजलं, विमा फक्त इमारतीचा आहे. भिंती तर धडधाकट उभ्या होत्या.

पुढे मी भारत गृह रक्षा घेतली. १ एप्रिल २०२१ पासून घरांच्या आगविम्यासाठी ही ठरावीक पॉलिसी आली, म्हणून कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी मूळ मजकूर तोच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, टाकी किंवा पाइप फुटून आलेलं पाणी, हे सगळं त्यात येतं. इमारत आणि सामान दोन्ही घेतलं, तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, सामानाला आपोआप मिळतात, वस्तूंची यादी न देता. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं. इमारतीची विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर काढतात. ७०० चौरस फूट चटई क्षेत्राला (कार्पेट एरिया) फुटामागे २,५०० रुपयांचा दर धरला तर साडेसतरा लाख, म्हणजे सामानाला साडेतीन लाख. फ्लॅट साठ लाखांना घेतला म्हणून विमा साठ लाखांचा लागत नाही, कारण त्या भावात जमिनीची किंमतही आली.

यातही खटकणारं आहे. चोरीची भरपाई मिळते ती पूर किंवा आगीसारखी घटना घडल्यावर, त्या गडबडीत सात दिवसांच्या आत झाली तरच. दिवाळीला गावी गेलात आणि कुलूप फुटलं, तर मूळ पॉलिसी उपयोगाची नाही. घरफोडीचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. दागिनेही वेगळे नोंदवावे लागतात. आणि पावसाळ्यात स्लॅबमधून हळूहळू मुरणारं पाणी दोन्हीकडे धरत नाहीत.

हल्ली बँकांकडून मिळणारी पॉलिसीही बहुधा याच नमुन्याची असते, तेव्हा ती सरसकट वाईट म्हणणार नाही. फक्त त्यात सामान धरलंय का ते पाहा आणि प्रत त्याच दिवशी मागून घ्या. कर्ज चालू असताना बँक विमा मागणारच. पॉलिसीवर तिचं नाव लागेल, इमारतीच्या दाव्याचे पैसेही आधी तिकडे जातील. पण त्यांच्याच टेबलावरचा विमा घ्यायची सक्ती नाही. तळमजल्यावर किंवा नदीनाल्याजवळ राहत असाल तर मी स्वतः घेण्याच्याच बाजूने बोलेन. वरच्या मजल्यावरच्या, बाहेरगावी नोकरी असलेल्या माणसाला बँकेची सोय कदाचित जास्त पटेल.

माझी पॉलिसी आता मोबाइलमध्ये आहे, दुसरी प्रत बायकोच्या मोबाइलमध्ये, आणि छापील प्रत गंगापूर रोडला बहिणीकडे, तिसऱ्या मजल्यावर.