व्हॅले पार्किंग की सामायिक वाहनतळ: मध्यवर्ती बाजारपेठेपुढची निवड

मध्यवर्ती बाजारपेठेत व्हॅले पार्किंगला, म्हणजे ग्राहकाकडून चावी घेऊन चालकाने त्याची गाडी लावण्याच्या आणि नंतर परत आणून देण्याच्या सेवेला, परवानगी द्यावी का, हा प्रश्न नगर परिषदेपुढे येतो तेव्हा चर्चा बहुधा खर्चावर आणि कंत्राटदाराच्या नेमणुकीवर केंद्रित होते. या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे त्यांनी व्हॅलेची तुलना कशाशी करायची हे आधी ठरवावे, असे मला वाटते. ‘व्हॅले किंवा काहीच नाही’ अशी मांडणी झाली, तर व्हॅलेच जिंकणार. खरा पर्याय वेगळा आहे. बाजारपेठेच्या आसपास कार्यालये, बँका आणि संस्था यांचे वाहनतळ असतात आणि संध्याकाळी ते रिकामे पडतात. करार करून ते ग्राहकांसाठी उघडायचे आणि रस्त्याच्या कडेची जागा शुल्क आकारून अल्पकाळाच्या कामांसाठी मोकळी ठेवायची, असा तो सामायिक वाहनतळाचा पर्याय होय. आमच्या व्यापारी संघाने आधी व्हॅले चालवून पाहिले आणि नंतर ही दुसरी व्यवस्था स्वीकारली. त्या निर्णयात मी सहभागी होतो, त्यामुळे माझा कल कोणीकडे आहे हे वाचकाला लवकरच कळेल. तरीही दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडण्याचा प्रयत्न करतो.

व्हॅलेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पावसात दुकानाच्या दाराशी उतरता येणे, वृद्ध आईवडिलांना पायपीट करायला न लावणे, नवख्या शहरात जागा शोधत फिरावे न लागणे, या सोयींचे मोल कमी लेखता येणार नाही. दुसरा लाभ फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. चाव्या एकाच व्यवस्थेच्या हाती असल्यामुळे गाड्या एकामागे एक लावता येतात, मधले येण्याजाण्याचे मार्गही वापरता येतात आणि त्याच आवारात एरवीपेक्षा बऱ्याच अधिक गाड्या मावतात. ज्या शहरात जागाच नाही, तिथे हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. आमच्याकडे व्हॅले सुरू झाले तेव्हा पहिल्या काही संध्याकाळी सर्वांचे समाधान झाले होते आणि ते समाधान खोटे नव्हते.

परंतु ते समाधान येणाऱ्या ग्राहकाचे होते. ग्राहक येतात ते सुटे सुटे येतात: कोणी सातला, कोणी सव्वासातला, कोणी आठ वाजून गेल्यावर. चालकाला दोन गाड्यांच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो. परतताना मात्र सगळे एकदम निघतात. कार्यक्रम संपतो, भोजनगृहे बंद होऊ लागतात आणि अर्ध्या तासापूर्वी शांत असलेल्या त्या लहानशा टेबलाभोवती हातात टोकन घेतलेल्या लोकांचा घोळका जमतो. मला व्हॅलेपासून दूर नेले ते या परतीच्या खोळंब्याने. किती मिनिटे लागली हे मी घड्याळ लावून मोजलेले नाही. मात्र झोपेला आलेले मूल खांद्यावर घेऊन उभी असलेली माणसे, औषधांची पिशवी गाडीत राहिल्याने अस्वस्थ झालेले वृद्ध गृहस्थ, आणि चांगली संध्याकाळ घालवून शेवटी वैतागून निघून गेलेले माझे स्वतःचे ग्राहक मी पाहिले आहेत. दुकानात आम्ही कितीही आस्थेने वागलो, तरी त्यांच्या मनात राहिली ती शेवटची ताटकळ.

हा दोष चालकांच्या आळसाचा आहे असे मी कधीही म्हणणार नाही. ते धावत होते, अक्षरशः धावत होते. अडचण गणितात आहे. वाहनतळ चालत पाच मिनिटांवर असला आणि गर्दीतून गाडी परत आणायला तितकाच वेळ लागत असला, तर एका गाडीमागे दहा मिनिटे गेली. म्हणजे एक चालक तासाला सहा गाड्या आणू शकतो आणि चार चालक चोवीस. एकाच वेळी तीस जणांनी गाडी मागितली, तर शेवटच्या माणसाला तासाहून अधिक थांबावे लागणार. चालक दुप्पट केले तरी त्याच्या वाट्याला पाऊण तासाच्या आसपास प्रतीक्षा येते आणि वाढवलेली ती माणसे संध्याकाळचा उरलेला बहुतेक काळ रिकामी बसतात, ज्याचा भार शेवटी शुल्कावर पडतो. शिवाय गाड्या एकामागे एक दाटून लावलेल्या असतील, तर एक काढण्यासाठी आधी दोन हलवाव्या लागतात. जागेची बचत ज्या युक्तीने होते, तीच युक्ती परतीच्या वेळी वेळ खाते.

सामायिक वाहनतळात हेच तीस लोक एकाच वेळी चालू लागतात आणि पाच-सात मिनिटांत जो तो आपापल्या गाडीपाशी असतो. बाहेर पडण्याच्या फाटकाशी थोडी रांग लागते, हे खरे आहे; पण ती रांग स्वतःच्या गाडीत बसून पुढे सरकते आणि तिचा अंदाज येतो. व्हॅलेमध्ये सगळ्यांचे चालणे मोजक्या माणसांना पाळीपाळीने चालावे लागते. मला विचाराल, तर दोन्ही व्यवस्थांमधला मूळ फरक एवढाच आहे आणि उरलेले बहुतेक फरक त्यातूनच निघतात.

नगरसेवकांनी ज्याकडे विशेष लक्ष द्यावे असा परिणामही याच गणितातून येतो. घोळका वाढू लागला की चालकांवर दबाव येतो आणि दूरच्या वाहनतळाऐवजी गाडी मागच्या गल्लीत लावण्याचा मोह होतो. म्हणजे ज्या सार्वजनिक जागेवरचा ताण कमी करण्यासाठी परवानगी दिली, तीच जागा व्हॅलेच्या गाड्यांनी भरते आणि गल्लीत राहणाऱ्यांना स्वतःच्या घरासमोर गाडी लावता येत नाही. आमच्या बाजारपेठेत हे घडत होते. सर्वत्र असेच घडेल असा माझा दावा नाही. पण परवाना देताना वाहनतळाचे अंतर विचारात घेतले नाही, तर ते टाळणे कठीण आहे असे माझे मत आहे.

रस्त्याच्या कडेचा हिशेबही करावा लागतो. व्हॅलेच्या थांब्यासाठी दुकानांसमोरच्या तीन-चार गाड्यांची जागा राखून ठेवावी लागते. ही जागा बाजारपेठेतली सर्वांत मोलाची असते, कारण औषध घ्यायला, चष्मा दुरुस्तीला द्यायला, शिवलेले कपडे न्यायला आलेला माणूस तिथेच दहा मिनिटे थांबतो. असा माणूस चावी दुसऱ्याच्या हाती देऊन पावती घेणार नाही. तो पुढे निघून जाईल. म्हणून व्हॅलेचा लाभ मुख्यतः भोजनगृहांना आणि नाट्यगृहांना होतो, तर थांब्याची किंमत लहान दुकानदार मोजतो. कडेच्या जागेवर शुल्क लावण्याला अनेक व्यापारी बिचकतात, परंतु त्यामागचा हेतू गाड्यांची अदलाबदल होत राहावी हाच आहे. 1935 साली अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत पहिले पार्किंग मीटर बसले, तेही दिवसभर अडून राहणाऱ्या गाड्यांमुळे ग्राहकांना जागा मिळत नसे म्हणूनच. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर मांडलेली सूचना साधी होती: शुल्क एवढेच असावे की प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा नेहमी मोकळ्या सापडतील. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 पासून मागणीनुसार दर बदलण्याचा प्रयोग याच विचारावर केला. व्यापाऱ्यांचे मन वळवायचे असेल, तर मला कॅलिफोर्नियातील ओल्ड पॅसाडेना या जुन्या बाजारपेठेचे उदाहरण अधिक उपयोगी वाटते. तिथे 1993 साली मीटर बसवताना त्यातून येणारे उत्पन्न त्याच भागाच्या पदपथांवर आणि स्वच्छतेवर खर्च करण्याचे ठरले आणि विरोध मावळला.

जबाबदारीच्या प्रश्नावर थोडक्यात सांगतो. चावी स्वीकारली की गाडी सांभाळण्याचे दायित्व येते. पावतीच्या मागे ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापून ते सहज झटकता येत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली, एका हॉटेलच्या व्हॅलेकडे सोपवलेली गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात, हॉटेललाच जबाबदार धरले होते. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असला, तरी परवाना देणाऱ्या संस्थेने विम्याची अट घालण्यास हे पुरेसे कारण आहे. स्वतः गाडी लावण्याच्या व्यवस्थेत हा व्याप बराच कमी असतो.

सामायिक वाहनतळात उणिवा नाहीत असे मुळीच नाही. करार जमवणे कष्टाचे काम आहे. प्रत्येक कार्यालयाच्या व्यवस्थापकाची शंका वेगळी असते: सुरक्षारक्षक कोण देणार, सकाळी कर्मचारी येण्याआधी आवार रिकामे होईल का, नुकसान झाले तर कोणाला धरायचे. आम्हाला या बोलण्यांना अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक काळ लागला आणि व्हॅलेचा कंत्राटदार नेमणे त्या मानाने फारच सोपे होते. चालण्याचा रस्ता अंधारा असेल, तर करार असूनही ग्राहक तिकडे फिरकत नाहीत. आमच्याकडे दिवे बसवल्यानंतर आणि ठळक फलक लागल्यानंतरच वाहनतळ भरू लागले. ज्यांना चालणे शक्य नाही, त्यांचा प्रश्नही उरतोच. त्यांच्यासाठी व्हॅले हे सर्वस्वी उत्तर नाही, कारण हाताने चालवण्यासाठी बदल केलेली गाडी प्रत्येक चालकाला चालवता येत नाही. दाराजवळ राखीव जागा आणि प्रवाशांना उतरवण्यापुरता थांबा या दोन्ही गोष्टी कोणत्याही व्यवस्थेत लागतील.

एवढे सांगूनही व्हॅलेला सरसकट नकार द्यावा असे मी सुचवणार नाही. रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी, जिथे माणसे दिवसभर सुटी सुटी येतात आणि जातात, तिथे परतीचा घोळका होत नाही आणि ही सोय खरोखर उपकारक ठरते. एखाद्या मोठ्या उत्सवाच्या रात्रीपुरती तात्पुरती परवानगीही समजण्यासारखी आहे. कायमस्वरूपी परवाना द्यायचाच असेल, तर गाड्या फक्त खासगी आवारातच लावल्या जातील, त्या आवाराचा लेखी करार अर्जासोबत जोडलेला असेल आणि ते आवार थांब्यापासून चालत दोन-तीन मिनिटांच्या पलीकडे नसेल, या अटी परवान्यातच लिहाव्यात. परिषदेला प्रात्यक्षिक दाखवले जाते ते बहुधा संध्याकाळी सातच्या सुमारास. सदस्यांनी मतदानापूर्वी रात्री कार्यक्रम सुटण्याच्या वेळीही तिथे थांबून पाहावे, अशी माझी विनंती राहील.