मागचे टायर ‘नवे’ म्हणून गळ्यात मारले: डेट्रॉईटमधला अनुभव

डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या आणि मस्टँग, कमॅरो, चॅलेंजर या दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांपैकी काही बाळगणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. मागचे टायर बदलायला निघाला असाल, तर पैसे मोजण्याआधी वाचा. मला आठ-दहा वर्षं जुना माल कोरा करकरीत म्हणून विकला गेला, आणि ज्या पद्धतीने विकला गेला ती पद्धत चौकशी करून घेणाऱ्या माणसालाही चकवते.

गाडी २०१६ची मस्टँग जीटी. कंपनीतून ती ४३५ हॉर्सपॉवर घेऊन निघते. आधीच्या मालकाने सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) बसवलेला असल्यामुळे आता आकडा साडेसहाशेच्या पुढे गेलाय, आणि ही सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर येते. साध्या टायरवर पाय जरा जोरात पडला की चाकं जागच्या जागी फिरतात आणि ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापून टाकतं. दुसरा गिअर टाकला तरी तेच. मला शर्यत लावायची नव्हती. उन्हाळ्यात ऑफिसला न्यायची, सुट्टीच्या दिवशी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर फिरवायची, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे ड्रीम क्रूझ हा हौशी गाड्यांचा मेळा भरतो तेव्हा मित्रमंडळींना घेऊन जायचं, एवढीच हौस. म्हणून रस्त्यावर कायदेशीर चालणारे, रुंद ड्रॅग रेडियल, म्हणजे सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतींसाठी बनवलेले मऊ रबराचे टायर, घ्यायचे ठरवले.

ड्रॅग रेडियल काही वेडेपणा नाही. डॉजने २०१८ची चॅलेंजर डीमन कारखान्यातूनच निटो कंपनीच्या ३१५ मिलिमीटर रुंदीच्या ड्रॅग रेडियलवर विकली. या टायरचं रबर फार मऊ असतं, नक्षी उथळ आणि खाचा कमी, म्हणजे जास्तीत जास्त रबर रस्त्याला टेकतं. त्याची किंमत आपण दुसरीकडे मोजतो. टायर लवकर झिजतो, साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायला लागते, आणि थंडीत रबर काचेसारखं गुळगुळीत वागतं. मिशिगनमध्ये ऑक्टोबर सरला की हे टायर काढून ठेवायचे, यात वादच नाही. हे सगळं मला मान्य होतं. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या: या टायरमध्ये आपण पैसे मोजतो ते रबराच्या मऊपणासाठी. तो मऊपणा वयाबरोबर जातो आणि जाताना बाहेरून दिसत नाही. नक्षी जशीच्या तशी असते, रंग काळाभोर असतो. फसवणुकीला जागा मिळते ती इथेच.

शहराच्या उत्तरेकडच्या उपनगरातलं एक परफॉर्मन्स शॉप. नाव लिहीत नाही, तक्रारीचे कागद जिथे द्यायचे तिथे दिले आहेत. भाव बाजारापेक्षा थोडासाच कमी होता. फार स्वस्त असता तर कुणालाही शंका आली असती, पण एवढा फरक दुकानादुकानांत असतोच. नामांकित कंपनीचा माल, पृष्ठभागावर कंपनीचा कागदी पट्टा चिकटलेला, साच्यातून निघताना येतात ती रबराची बारीक केसं शाबूत. मालकाने स्वतः मला सांगितलं, “नख दाबून बघा.” दाबलं, खूण उमटली. मी टायर बनवल्याची तारीख विचारली. तो म्हणाला, यंदाचाच लॉट आहे, बसवून झाले की टायरवरचा तारखेचा कोड दाखवतो. विम्याच्या नियमामुळे ग्राहकाला आत, लिफ्टपाशी, येऊ देत नाहीत. हा नियम इथे बऱ्याच ठिकाणी खरोखरच असतो, त्यामुळे त्यात वावगं काही वाटण्यासारखं नव्हतं.

बोलता बोलता त्याने साइडवॉलवरची (टायरच्या बाजूच्या भिंतीवरची) ‘ट्रॅक्शन एए’ ही अक्षरं दाखवली आणि म्हणाला, “यापेक्षा वरची श्रेणीच नाही, साडेसहाशे हॉर्सपॉवरला हेच हवं.” ही शुद्ध दिशाभूल आहे. ट्रॅक्शनची ही सरकारी श्रेणी ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर, सरळ रेषेत, चाक लॉक करून मोजतात. टायर ओल्यात किती थांबवतो याचं ते माप आहे. कोरड्या रस्त्यावर सिग्नलपासून सुटताना गाडी किती पकडेल याच्याशी त्याचा संबंध नाही. शेजारी लिहिलेला ट्रेडवेअरचा आकडाही झिजेचाच. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या मार्गावर ७,२०० मैल गाड्या चालवून त्याची चाचणी होते आणि त्यावरून आकडा कंपनी स्वतः ठरवते. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून मऊपणाचा अंदाज बांधणं म्हणूनच धोक्याचं. काउंटरवर कुणी ‘एए’ दाखवून पकडीबद्दल बोलायला लागला, तर त्याला एकतर माहिती नाही किंवा तुम्हाला नाही असं तो धरून चाललाय.

गाडी बाहेर आली. मागच्या दोन्ही चाकांवर ‘डॉट’ (DOT, अमेरिकेचं परिवहन खातं) या अक्षरांपासून सुरू होणारा कोड होता, पण अर्धवट, शेवटचे चार आकडे नसलेला. मालक म्हणाला, “या मॉडेलवर तारीख आतल्या बाजूला येते.” ऐकायला पटतं, कारण त्यात अर्धं सत्य आहे. कायद्याने पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो. दुसऱ्या बाजूला त्यातला शेवटचा भाग गाळलेला असू शकतो. पण माझे टायर दोन्ही बाजूंनी बसणारे होते, फिरण्याची दिशा ठरलेली नव्हती. दोन्ही कोड बाहेर ठेवणं सहज शक्य होतं. ते आत ठेवले गेले.

सुरुवातीच्या काही फेऱ्या छान गेल्या. गाडी सुटताना मागून ढकलल्यासारखी सरळ निघायची. मग पकड ढळायला लागली, आणि ढळली ती एका बाजूला. आय-६९६ महामार्गाच्या रॅम्पवरून वर चढताना दुसऱ्या गिअरला मागची बाजू सरळ न सुटता उजवीकडे फेकली गेली. टायरमधली हवा बरोबर, रस्ता कोरडा, जुलैतली भर दुपार. शेजारच्या लेनमध्ये एक मिनीव्हॅन होती, मागे लहान मुलं. स्टिअरिंग सावरलं म्हणून निभावलं.

दुकानाने आधी सांगितलं, हवा थोडी कमी करा. मग, अलाइनमेंट बघून घ्या. मग, टायर अजून मुरले नाहीत, एकदोनदा जागेवर फिरवून गरम करा. प्रत्येक सल्ला ऐकताना खरा वाटतो, कारण ड्रॅग रेडियलच्या बाबतीत या गोष्टी खरोखर असतात. प्रत्येक सल्ल्यात दिवस मात्र जातात, आणि बहुधा तोच हेतू असतो.

शेवटी दुसऱ्या एका टायरवाल्याकडे गेलो. तिथल्या कारागिराने चाकं काढून जमिनीवर उताणी टाकली, आतल्या बाजूची ब्रेकची काळी धूळ चिंधीने पुसली आणि टॉर्च मारला. एका टायरवर शेवटचे चार आकडे ३११४. दुसऱ्यावर ०९१६. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे एक टायर २०१४च्या एकतिसाव्या आठवड्यातला आणि दुसरा २०१६च्या नवव्या. मी घेतले होते २०२४च्या जूनमध्ये. माल जुना तर होताच, वर जोडीही खरी नव्हती. एकाच अॅक्सलवर दोन वेगळ्या वयांचं, वेगळ्या कडकपणाचं रबर. गाडी एका बाजूला का फेकली जात होती ते तिथेच कळलं.

त्याच्याकडे रबराचा कडकपणा मोजायचा ड्यूरोमीटर होता, घड्याळासारखी तबकडी आणि खाली एक बोथट सुई. माझ्या जुन्या टायरवर सुई दाबली तर काटा ऐंशीच्या पुढे. त्याच्याकडच्या त्याच मॉडेलच्या ताज्या टायरवर साठच्या आत. मग नख उमटलं कसं? त्याने टायरच्या कडेला नाक लावायला सांगितलं. सॉल्व्हंटचा उग्र वास अजून येत होता. मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींत आणि कार्टिंगमध्ये रबर मऊ करायचं रसायन चोरून वापरतात, अनेक स्पर्धांत त्यावर बंदीही आहे. तेच पृष्ठभागावर चोळलेलं होतं. वरचा पापुद्रा मऊ होतो, नख उमटतं, पहिल्या काही फेऱ्यांत पकडही मिळते. तो पापुद्रा झिजला की खाली कंपासपेटीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या खोडरबरासारखं रबर लागतं, जे रस्ता धरत नाही, नुसतं घासत जातं. खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगाही होत्या.

दुकानात परत गेलो तेव्हा मालकाने आवाज चढवला नाही. म्हणाला, “वापरलेले नव्हते, म्हणजे नवेच. इथे टायरच्या वयावर कायदा नाही.” टायर किती जुना विकावा यावर केंद्राचा कायदा नाही, हे खरं आहे. पण याच परिसरातल्या फोर्डने आणि क्रायस्लरने २००५ सालीच ग्राहकांना सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगायला सुरुवात केली होती, नक्षी शिल्लक असो वा नसो. शिवाय न वापरलेला टायर ताजा राहतो ही समजूत चुकीची आहे. रबरात ओझोनपासून वाचवणारं मेण घातलेलं असतं. टायर फिरताना दबतो, वाकतो, तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहतं. वर्षानुवर्षं फळीवर पडलेल्या टायरला ते संरक्षण नीट मिळत नाही, आणि हवेतला प्राणवायू आपलं काम करत राहतो. रसायनाबद्दल विचारलं तर, “डिस्प्लेसाठी कंडिशनर लावतो,” एवढंच उत्तर. आणि शेवटी, हा शर्यतीचा माल, याला वॉरंटी नसते, असं म्हणून त्याने हात वर केले. निम्मे पैसे देऊ केले, पण दोन्ही टायर त्याला परत हवे होते. ते पुन्हा त्याच फळीवर जाणार हे दिसत होतं, म्हणून मी नाही म्हटलं.

बिलावर ‘न्यू’ हा शब्द होता, कोड मात्र नव्हता. त्या एका शब्दावर आणि फोटोंवर क्रेडिट कार्ड कंपनीने टायरची रक्कम परत मिळवून दिली. बसवणावळ आणि बॅलन्सिंगचे पैसे बुडाले. कार्ड नसतं तर मिशिगनच्या डिस्ट्रिक्ट कोर्टातला स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांचा, रस्ता होता. २०२४पासून तिथली मर्यादा ७,००० डॉलर आहे आणि कुठल्याही बाजूने वकील उभा राहत नाही, त्यामुळे दोन टायरच्या भांडणाला तो परवडतो. राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे ग्राहक म्हणून तक्रारही ऑनलाइन करता येते, ती मी केली आहे.

टायर रिमवर चढण्याआधी, सुटे असताना, दोन्हींचा पूर्ण कोड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आत येऊ देत नसतील तर टायर काउंटरवर आणायला सांगा, त्याला विम्याचा नियम आड येत नाही. दोन्ही कोड बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला खळखळ करणाऱ्याकडून टायर घेऊ नका, मग भाव काहीही असो. नखाच्या परीक्षेवर विसंबू नका, वास घ्या. साधा ड्यूरोमीटर थोडक्या पैशांत मिळतो. आपल्या मंडळात माझ्याकडचा हवा त्याने न्यावा.

आणि ज्यांनी गेल्या वर्ष-दोन वर्षांत या भागात बसवून घेतलेत, त्यांनी आज घरी गेल्यावर गाडीखाली टॉर्च घेऊन वाका. रिमच्या आतून साइडवॉलचा फोटो फोनने निघतो. चाक अर्धा फेरा पुढे घेतलं की लपलेला भागही समोर येतो. शेवटचे चार आकडे वाचा, दोन्ही चाकांचे. दोघांमध्ये काही आठवड्यांपेक्षा जास्त फरक निघाला किंवा वर्ष बिलाशी जुळलं नाही, तर टायर उतरवण्याआधी ते फोटो बिलासोबत जपून ठेवा, कारण उतरवलेला टायर आपल्याच गाडीचा होता हे नंतर कुणी मानत नाही.