बनरॅटी की ऑखनानूर? गॉलवेहून एकच गढी पाहायची असेल तर

आयर्लंडच्या पश्चिमेला नदीकाठी दगडी गढ्या पुष्कळ आहेत. सरदाराचं घर आणि किल्ला एकाच उंच मनोऱ्यात, मजल्यावर मजला. तिथल्या गॉलवे शहरातून जायला हाताशी एकच दिवस असला की बहुतेक जण बनरॅटीला जातात. मी मात्र ऑखनानूर सुचवेन.

बनरॅटी शॅनन विमानतळाजवळ, रॅटी नदीच्या काठी आहे. आजची गढी मॅकनमारा घराण्याने १४२५च्या सुमारास बांधली. त्याआधी याच जागी किल्ले उभे राहिले आणि पडले. १३१८ साली डायसर्ट ओ'डेच्या लढाईत इथला नॉर्मन सरदार रिचर्ड द क्लेअर मारला गेला, तेव्हा त्याच्या बायकोनेच किल्ला पेटवून दिला, असं सांगतात. पुढे गढी ओ'ब्रायन घराण्याकडे आली. १८०४मध्ये स्टडर्ट कुटुंब इथून बाहेर पडलं आणि पडझड सुरू झाली. १९५०च्या दशकात लॉर्ड गॉर्टने ती विकत घेऊन सावरली, जुनं सामान गोळा करून दालनं सजवली. त्या काळचे लोक कसे राहत, हे इथे चटकन कळतं. फक्त ते सामान बाहेरून आणलेलं आहे, एवढं लक्षात ठेवा. शेजारी जुन्या घरांचं लोकसंग्रहालय आहे, त्यामुळे मुलं रमतात. ज्यांना अरुंद चक्री जिना झेपत नाही, त्यांचाही वेळ खाली छान जातो.

ऑखनानूर ऊक्टरार्ड गावाजवळ, ड्रिमनीन नदीवर आहे. ओ'फ्लॅहर्टी घराण्याची ही सहा मजली गढी साधारण १५००ची. आत सजावट जवळजवळ नाही. दारातून आत शिरताच वर पाहा. छताला एक भोक आहे, शत्रू आत घुसला तर वरून मारा करण्यासाठी. पण खरी गोष्ट बाहेर, अंगणात आहे. जेवणावळीचं मोठं दालन चुनखडीच्या पोकळीवर बांधलं होतं. खालून नदी वाहत होती. एक दिवस पोकळीचं छत खचलं आणि दालनाचा बराच भाग नदीत गेला. उरली एक भिंत, आणि तिच्या खिडक्यांवर कोरलेली द्राक्षाची पानं आणि घोस. बोट फिरवलं तर शिरा हाताला लागतील इतकं नाजूक काम, आणि मागे मोकळं आकाश.

या नदीनेच गढीला संरक्षण दिलं आणि तिनेच दालन गिळलं. हे बनरॅटीत दिसत नाही. म्हणून लहान मुलं सोबत असतील तर बनरॅटी, नाहीतर ऑखनानूर. ते हिवाळ्यात बंद असतं, त्यामुळे निघण्याआधी तारखा पाहून घ्या.